धाकटी गाडी

लेकीनं चकती फिरवली. टेबलावरच्या गाडीचा हौदा पुढून उचलला गेला, अर्ध्यावर येऊन थबकला, आणि आतून टक्‌ टक्‌ असा आवाज यायला लागला. गिअरचे दात एकमेकांवरून घसरत होते.

"दमली बिचारी," खिडकीशी बसलेली आई मान न वळवता म्हणाली.

"दमायला काय झालं? प्लॅस्टिकची आहे."

"मग कुरकुरते कशाला?"

लेकीनं हौदा काढून बाजूला ठेवला आणि गाडीच्या पोटात चिमटा घातला. जेवायच्या टेबलावर पिवळ्या, काळ्या, करड्या ठोकळ्यांचे ढीग पडले होते. आई आणि लेक दोघी आता मांडीवर ताट घेऊन जेवत होत्या, आणि त्याबद्दल आईनं अजून एकदाही नाक मुरडलं नव्हतं. आईच्या स्वभावाकडे बघता हे नवलच होतं.

तसं हे लेकीचं रोजचंच काम. ठोकळे जोडून बनवायच्या गाड्यांचे आराखडे ती एका कंपनीत करायची. क्रेन, रोड रोलर, आगीचा बंब. नुसत्या शोभेच्या नव्हेत, चालणाऱ्या. खऱ्या गाडीत जे तेलाच्या दाबावर होतं, ते इथं दातेरी चाकांवर करायचं, आणि तेही मुठीत मावेल एवढ्या जागेत. स्टिअरिंग बसवलं तर इंजिनाला जागा नाही, इंजिन बसवलं तर हौदा उचलणारा दांडा आडवा येतो, असली भांडणं सोडवण्यात तिचा दिवस जायचा. ऑफिसात तिला सगळे 'पाणसळ' म्हणत. गवंड्याकडे असते तसली, पण बोटाएवढी एक पाणसळ तिच्या खिशात कायम असायची. गाडी पुरी झाली की ती टपावर ठेवायची. आतला बुडबुडा मधोमध आला तर ठीक, नाहीतर एवढी मेहनतीनं जोडलेली गाडी पुन्हा सुटी. "गाडी आधी सरळ उभी राहू दे, मग चालव," असं ती नव्या मुलांना सांगायची, आणि नवी मुलं तिच्यामागे तिची नक्कल करायची.

ही गाडी मात्र कंपनीची नव्हती. ती अण्णांच्या डंपरची नक्कल होती.

अण्णा म्हणजे तिचे वडील. उभा जन्म त्यांनी त्या एका पिवळ्या डंपरवर खडी वाहिली. त्यांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. डंपर दाराबाहेर भिंतीला लागून उभा होता आणि त्याची किल्ली आईच्या उशीखाली होती. दादाची, म्हणजे थोरल्या भावाची, लांब कुठेतरी बदली झाली होती. हे घर सोडायचं, आईनं लेकीकडे जायचं आणि डंपर विकायचा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. सगळ्यांनी म्हणजे आई सोडून सगळ्यांनी. आईनं शांतपणे ऐकून घेतलं होतं.

"येते की," ती म्हणाली होती. "मी येते, गाडीही येईल."

"आई, मी तिसऱ्या मजल्यावर राहते."

"बरं मग?"

"डंपर जिन्यानं चढवायचा का?"

आईनं थोडा विचार केला. "तू लहान करतेस ना गाड्या? हिला कर लहान. ती माझ्या हातात दे, मग मोठीची किल्ली देते."

दादा हसला होता. लेकही हसली. आई हसली नाही. दादानं दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक शोधलं. गिऱ्हाईकाच्या नजरेत भरावी म्हणून आईकडून तेवढ्यापुरती किल्ली मागून गाडी मिस्त्रीकडे नेली. धुऊन, रंग मारून, काय काय दुरुस्त करून आणून उभी केली आणि तो बदलीच्या गावी निघून गेला. मग रजा काढून लेक आली. टेप घेऊन तिनं डंपर इंच न्‌ इंच मोजला, चारी बाजूंनी फोटो काढले आणि टेबल अडवून बसली. गिऱ्हाईक रविवारी येणार होतं.

हौद्याचं दुखणं शेवटी तिला सापडलं. साध्या गिअरला एवढा भार पेलत नव्हता. तिनं तिथं स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर बसवला. तो सावकाश फिरतो, पण एकदा उचललेलं सोडत नाही. चकती फिरवली तसा हौदा गुमान वर गेला आणि हात काढला तरी तिथंच उभा राहिला. लेकीचा जीव भांड्यात पडला. तिनं टपावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध.

"आई, झाली. ये बघायला."

आई आली, चष्मा पुसून खुर्चीवर बसली आणि परीक्षा घ्यावी तशी तिनं एकेक गोष्ट हात लावून बघितली. दारं उघडली, मिटली. टपावरची चकती फिरवून पुढची चाकं वळवली. गाडी पुढे ढकलल्यावर आतल्या इंजिनाचे दट्टे वरखाली होताना तिनं वाकून बघितले. मग उठून शिवणाच्या डब्यातून मूठभर बटणं आणली, हौद्यात ओतली आणि त्याची चकती फिरवली. बटणं घरंगळत खाली आली. आईला हसू फुटलं. किती दिवसांनी.

"छान केलीस गं," ती म्हणाली. "कुणाची आहे?"

"कुणाची म्हणजे? आपली."

आईनं पुन्हा गाडीकडे बघितलं. माणूस पाहुण्याच्या मुलाकडे बघतो तसं, कौतुकानं आणि लांबून.

"नाही," ती म्हणाली. "आपली नाही ही."

लेकीनं मनाला लावून घेतलं नाही. आईचं बरोबरच असेल. कंपनीच्या सवयीनं आपण नवी कोरी गाडी केली, तिला सोसलेलं काही दिसतच नाही. ती बाहेर गेली आणि डंपर पुन्हा नजरेखालून घातला. पुढच्या बंपरला डावीकडे पोचा होता, एक आरसा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, मागची फळी साखळीऐवजी तारेनं बांधलेली. तिनं सगळं केलं. आरशासाठी वेगळ्या मापाचा ठोकळा, पोच्यासाठी एक तिरका तुकडा, तारेसाठी खरी तार. सकाळची दुपार कधी झाली ते तिला कळलं नाही.

"हो, हा पोचा मला माहितीय," आई म्हणाली. "फाटकाला ठोकली होती. आणि फाटकालाच शिव्या देत आले होते घरी."

"मग? आता?"

आईनं गाडी उचलून खिडकीत ठेवली, स्वतः मागे मागे सरकत भिंतीपाशी गेली आणि तिथून बघत राहिली.

ही खिडकी आईची होती. तिच्यातून थेट नाक्यावरचं वळण दिसायचं. दगडखाणीचे सगळे डंपर त्याच वळणावरून यायचे, सगळे पिवळे, सगळे एकाच बनावटीचे, धुळीनं माखलेले. संध्याकाळी आई खिडकीशी काहीतरी निवडत, शिवत बसलेली असायची आणि मधेच उठून गॅसवर पाणी ठेवायची. अण्णा दारात पाय ठेवायचे तेव्हा बादलीत कढत पाणी तयार. आधी आंघोळ, मग बाकीचं बोलणं. भलत्याच गाडीसाठी आई उठली असं कधी झालं नाही. 'एवढ्या लांबून नंबर वाचता येतो का तुला?' म्हणून दोन्ही मुलं चिडवायची. 'कळतं,' एवढंच ती म्हणायची.

"सगळं आहे गं," आई भिंतीपाशी उभ्या उभ्या म्हणाली. "पण ही वळणावर दिसली ना, तर मी जागची हलायची नाही."

लेकीचा मग तोल गेला. इतक्या दिवसांचं आखडलेलं अंग, खाली मान घालून दुखणारी पाठ, उद्यावर आलेला रविवार, सगळंच एकदम तोंडातून बाहेर पडलं.

"मग काय हवंय तुला? अण्णा हवेत? ते नाही ना येत मला ठोकळ्यांत करता!"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. आईनं खिडकीतून गाडी उचलली, सावकाश आणून टेबलावर ठेवली.

"माहितीय मला," ती म्हणाली, आणि कपड्यांचं बोचकं बांधायला आत गेली.

लेक बाहेर जाऊन डंपरच्या पायरीवर बसली. रडायचंच म्हणून बसली होती, पण रडू येईना. अण्णा गेले तेव्हा ती होती, सगळं तिनंच निस्तरलं होतं, आणि तरीही आपल्याला ते पुरते माहीत नव्हते असं तिला आज पहिल्यांदा वाटलं. मापं घेतली ती गाडीची. माणसाचं काही मोजायचं राहून गेलं होतं का, कोण जाणे. खाली बघता बघता पुढच्या चाकामागे तिला काहीतरी काळं चकचकीत दिसलं. एवढ्या जुन्या गाडीखाली चकचकीत काय असणार? ती वाकली. चालवणाऱ्याच्या बाजूची कमान, चाकावरचा भार झेलणारी पोलादी पट्ट्यांची चळत, नवी कोरी होती. दुसऱ्या बाजूची होती तशीच, गंजलेली.

मिस्त्रीचं गॅरेज नाक्यावरच होतं. तो एका ट्रकखाली उताणा पडला होता. तिचा आवाज ऐकून फक्त डोकं बाहेर आलं.

"कमान बदलली तुम्ही?"

"दादानं सांगितलं ना. गाडी एका अंगाला कललेली. गिऱ्हाईक आधी तेच बघतं."

"कललेली? कधीपासून?"

मिस्त्री आता पुरता बाहेर आला. हात पुसत तिच्याकडे बघत राहिला.

"तुला नाही माहीत? पैलवानांची गाडी ती!" अण्णांना तो पैलवानच म्हणायचा, जरी त्यांनी जन्मात कधी आखाडा बघितला नव्हता. नुसतं अंग तेवढं तसं होतं. "ते चढले की गाडी सलाम ठोकायची एका बाजूला. मग बसत बसत ती कमान बसलीच. ते उतरले तरी गाडी तशीच."

"मग तेव्हा का नाही बदलली?"

"मी म्हटलं होतं की. आजारात पार वाळले होते, हाडं तेवढी राहिली होती. म्हटलं, पैलवान, आता कुठं तुमचं वजन, नवी टाकू, गाडी सरळ पळेल." मिस्त्रीनं हातातलं फडकं उगीचच उलटं केलं. "तर म्हणाले, असू दे. घरच्यांना लांबून ओळखू येते."

जुनी कमान गॅरेजच्या फाटकाला टेकण म्हणून लावली होती. लेक तिच्यासमोर उकिडवी बसली. तिला टेप आठवला, पण काढला नाही. तिनं नुसता हात लावला. अण्णा निम्मे झाले, हळूहळू मुठीएवढे झाले आणि गेले. या लोखंडानं मात्र त्यांचं जुनं वजन तसंच्या तसं धरून ठेवलं होतं. ते दादानं एका दुपारीत काढून टाकलं, चांगल्या मनानं. आणि आपण त्यानंतर येऊन, पाणसळ लावून, ती सरळ झालेली गाडी मोजली. दादाला बोल लावायला तिला तोंड नव्हतं. तिथं ती असती तर तिनंही हेच केलं असतं.

आता उरलं होतं ते सोपं काम असं तिला वाटलं, पण ते सोपं नव्हतं. मापात धरायचं तर एवढ्याशा गाडीत तो कल नखाच्या जाडीएवढाही आला नसता. कुणाला दिसलाही नसता. आईला खिडकीतून जेवढा दिसायचा तेवढा दिसायला हवा, तर माप मोडायला हवं होतं. मापाला धरून राहण्यातच तिच्या नोकरीची सारी वर्षं गेली होती. तिनं पुढच्या चाकावरची घट्ट स्प्रिंग काढली. डब्यात तळाशी एका जुन्या क्रेनमधल्या स्प्रिंगा होत्या, वापरून वापरून मऊ पडलेल्या, टाकून द्यायच्या म्हणून राहिलेल्या. त्यातली एक तिनं चालवणाऱ्याच्या बाजूला बसवली आणि गाडी टेबलावर ठेवली.

गाडीनं एक खांदा खाली सोडला. दिवसभराचं काम करून आलेल्या माणसासारखा.

सवयीनं तिनं टपावर पाणसळ ठेवली. बुडबुडा क्लीनरच्या, उंच राहिलेल्या बाजूला पळाला आणि तिथंच टोकाला जाऊन बसला. लेकीनं पाणसळ खिशात टाकली.

संध्याकाळ झाली होती. बाहेरच्या खोलीत आई खिडकीशी जमिनीवर बसून अण्णांच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होती. कुणाला द्यायचे ते वेगळे, फडक्याला काढायचे ते वेगळे. एक सदरा तिनं दोन्ही ढिगांत ठेवून बघितला आणि शेवटी मांडीवर घेतला. लेक आतल्या बोळात गुडघ्यांवर बसली होती. इतक्या वयाची बाई, केस पिकायला लागलेली, लहान पोरीसारखी गाडी घेऊन फरशीवर. काही सांगायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. सांगितल्यावर दिसणारं काय कामाचं?

तिनं चाकं वळवली आणि गाडी हळूच ढकलली. दाराच्या कोपऱ्यावरून गाडी वळली. वळताना आधीच झुकलेली बाजू आणखी थोडी झुकली. दट्ट्यांचा बारीक खडखडाट फरशीवर उमटला.

आईनं वर बघितलं.

मांडीवरचा सदरा तिनं बाजूला ठेवला. एक हात जमिनीला, एक गुडघ्याला टेकून ती उठली आणि गाडीकडे दुसऱ्यांदा न बघता, नेहमीच्या चालीनं, स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. मग मोठ्या पातेल्यात पाणी पडल्याचा, मग गॅस पेटल्याचा.

लेक बोळात बसल्या जागी बसून राहिली. हाक मारायची तिला हिंमत होईना. आत बराच वेळ काहीच हालचाल नव्हती. पाणी तापायला लागलं की पातेलं जी बारीक कुजबुज करतं ती तेवढी ऐकू येत होती.

मग न्हाणीत बादलीत पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि आई दारात आली. तिच्या एका हातात सांडशी होती. दुसरा, ओला हात तिनं तोंडावर धरला होता. ती आता गाडीकडे बघत होती, आणि तिचे खांदे हलत होते. आवाज काही येत नव्हता. अण्णा गेले त्या दिवशी, नंतर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत, कुणी गळ्यात पडलं तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. लेक उठून तिच्याजवळ गेली. आईनं सांडशी दुसऱ्या हातात घेतली, मोकळा झालेला हात लेकीच्या डोक्यावरून फिरवला आणि नाक ओढलं.

"जा, तू घे आंघोळ करून," ती म्हणाली. "तापलेलं पाणी ओतून का द्यायचं?"

लेक काही बोलणार होती. आईनं तिला ढकललंच.

"जा म्हटलं ना. निवेल."

टॉवेल घेऊन न्हाणीत जाताना लेकीनं मागे बघितलं. आई पुन्हा खाली बसली होती. उशीखालची किल्ली आणून तिनं फरशीवर गाडीशेजारी ठेवली होती, आणि एका बोटानं, जपून, ती गाडी थोडी पुढे, थोडी मागे करत होती.

न्हाणीत आईनं बादली आधीच भरून ठेवली होती. पाणी कढत होतं, अण्णांना लागायचं तसं, दुसऱ्या कुणाला सोसवणार नाही असं. गार पाण्याचा नळ हाताशी होता. लेकीनं पहिला मग खांद्यावर ओतला. तोंडातून हाय निघाली ती बाहेर ऐकू गेली असावी.

"सोड की गं थोडं गार!" आई बाहेरून म्हणाली.

"नको," लेक म्हणाली, आणि तिनं दुसरा मग भरून घेतला.